दाबाचा पट्टा, पावडरचा डबा आणि स्नायू



ज्यांच्या स्मृतीप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या गुरुजींनी आयुष्यभर मुलांकडून जोर-बैठका काढून घेतल्या. संयोजकांनी विषय विचारला तेव्हा म्हणूनच मी स्नायूंचा विषय घेतला, आणि त्यातही सध्या जिममध्ये मला सर्वांत जास्त विचारला जाणारा. दंडाला किंवा मांडीला अगदी वरच्या बाजूला पट्टा आवळायचा, रक्ताचा प्रवाह मर्यादित करायचा आणि हलक्या वजनाने व्यायाम करायचा, अशी ही पद्धत आहे. 'ब्लड फ्लो रिस्ट्रिक्शन' या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून तिला बीएफआर म्हणतात. मुलं विचारतात, "मॅडम, बीएफआर केलं आणि सोबत क्रिएटिन आणि व्हे चालू ठेवलं, तर रिझल्ट डबल मिळेल ना?"

उत्तर आधीच सांगून टाकते. डबल मिळणार नाही. पण पट्टा आणि पावडर या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, दोन्हींमागे भक्कम शास्त्र आहे. फक्त त्यांची सर्वाधिक गरज ज्याला आहे तो प्रश्न विचारणारा बावीस वर्षांचा मुलगा नव्हे. ती गरज त्याच्या घरी बसलेल्या आजीला आहे, किंवा त्याच्याच संघातल्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या खेळाडूला आहे. फिजिओथेरपिस्ट म्हणून मी रोज ज्यांचे पाय हाताळते त्यांच्या बाजूने आज बोलणार आहे.

सुरुवात जपानमधून करू. १९६६ साली योशिआकी सातो नावाचा अठरा वर्षांचा तरुण एका बौद्ध विधीला बसला होता. तिथल्या रीतीप्रमाणे गुडघे दुमडून, टाचांवर, आपण वज्रासनात बसतो तसा. बराच वेळ गेल्यावर पाय बधिर झाले, पिंडऱ्या टरारल्या. सातोला व्यायामाचा नाद होता. टाचा उचलण्याचा भरपूर व्यायाम केल्यावर पिंडऱ्या जशा भरून येतात, तसंच हे वाटतंय हे त्याच्या ध्यानात आलं. मग व्यायामाशिवाय हे झालं कसं? बसण्याच्या पद्धतीमुळे रक्त अडलं असणार, असा त्याने तर्क केला, आणि पुढची अनेक वर्षं सायकलच्या ट्यूब, दोऱ्या, पट्टे असं मिळेल ते हातापायांना बांधून स्वतःवरच प्रयोग केले. १९७३ मध्ये स्कीइंग करताना त्याचा घोटा मोडला. पाय प्लास्टरमध्ये असताना त्याने मांडीला पट्टा बांधून, सांधा न हलवता स्नायू आवळण्याचा व्यायाम चालू ठेवला. त्याच्या सांगण्यानुसार पाय बारीक झाला नाही आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीच्या कितीतरी आधी तो बरा झाला. या पद्धतीला त्याने कात्सु असं नाव दिलं. पुढे तोक्यो विद्यापीठातल्या डॉक्टरांनी आणि संशोधकांनी तिचा अभ्यास हाती घेतला आणि एका माणसाच्या हट्टातून आलेली गोष्ट प्रयोगशाळेत पोचली.

या जन्मकथेत मला एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. पद्धत खरी कसाला लागली ती प्लास्टरमधल्या पायावर, म्हणजे वजन उचलू न शकणाऱ्या पायावर. दंड फुगवण्याची घाई नंतर आली.

आता आत काय घडतं ते पाहू. पट्टा आवळला की धमनीतून येणारं रक्त कमी होतं, पण थांबत नाही. शिरेतून परत जाणारं रक्त मात्र जवळजवळ अडतं. धरणात वरून पाण्याची बारीक धार चालू असावी आणि खालचे दरवाजे लावलेले असावेत, तसं त्या हातापायाचं होतं. रक्त साठतं, स्नायूंच्या पेशी फुगतात, प्राणवायू कमी पडतो, लॅक्टेट आणि फॉस्फेट साचून राहतं. हलक्या वजनाला एरवी शरीर स्नायूंमधले चिवट, सावकाश थकणारे तंतूच कामाला लावतं. जाड, ताकदवान तंतू राखीव ठेवतं, कारण त्यांची गरज पडत नाही. पण प्राणवायूअभावी चिवट तंतू लवकर थकले, तर मेंदूला हे राखीव तंतू बोलवावेच लागतात. हे जाड तंतूच उतारवयात सर्वांत आधी झिजतात. एरवी त्यांना जागं करायला जड वजन लागतं. पट्ट्याने ते हलक्या वजनात जागे होतात. पट्ट्याची करामत एवढीच आहे, आणि ती मोठी आहे.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण त्याच्यावर पुष्कळ माल विकला गेला आहे. २००० साली जपानी संशोधकांना असं आढळलं की पट्टा बांधून केलेल्या हलक्या व्यायामानंतर रक्तातलं ग्रोथ हॉर्मोन मूळ पातळीच्या सुमारे २९० पट वाढतं. आकडा खरा आहे. पण तो घेऊन लोक म्हणू लागले की हॉर्मोनमुळे स्नायू वाढतात, म्हणून हॉर्मोन वाढवणाऱ्या गोळ्याही घ्या. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात स्टुअर्ट फिलिप्स यांच्या गटाने हे तपासलं. एकाच माणसाचा एक दंड हॉर्मोन चढलेले असताना आणि दुसरा न चढलेले असताना व्यायामाला लावला. दोन्ही दंड सारखेच वाढले. व्यायामानंतर तासाभरापुरती येणारी ही लाट स्नायू वाढवत नाही. स्नायू वाढतात ते ज्या तंतूंनी काम केलं त्यांच्या स्वतःच्या आत चालणाऱ्या प्रथिननिर्मितीमुळे. २००७ मध्ये अमेरिकेतल्या गॅल्व्हेस्टनच्या प्रयोगशाळेत फुजिता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की पट्टा बांधून केलेल्या हलक्या व्यायामानंतर तीन तासांत मांडीच्या स्नायूतली प्रथिननिर्मिती ४६ टक्क्यांनी वाढते. तोच व्यायाम, तेच वजन, पण पट्टा नाही, तर वाढ नाही. तीन वर्षांनी त्याच प्रयोगशाळेने वयस्क पुरुषांमध्येही अशीच वाढ दाखवली. हा दुसरा निष्कर्ष मला पहिल्याहून मोलाचा वाटतो, कारण वय वाढलं की स्नायू व्यायामाला आणि अन्नाला पूर्वीसारखी दाद देत नाहीत. इथे त्यांनी दिली.

आता कागदावरून खाली उतरू आणि प्रत्यक्ष पायापाशी येऊ. कबड्डीत चढाई करणारा एक तरुण माझ्याकडे आला होता. गुडघ्यातल्या एसीएल या अस्थिबंधाचं ऑपरेशन झालेलं, मांडी हाताला लागावी इतकी बारीक झालेली. मी त्याला उताणं झोपवलं आणि मांडीच्या अगदी मुळाशी रुंद कफ बांधला. रक्तदाब मोजायच्या पट्ट्यासारखाच, फक्त जास्त रुंद. घोट्याच्या आतल्या बाजूला जेल लावून डॉपलरची पेन्सिल टेकवली, की नाडीचा हुश्श हुश्श असा आवाज खोलीत ऐकू येतो. कफमध्ये हवा भरत गेलं की हा आवाज बारीक होत जातो आणि एका आकड्याला बंद पडतो. समजा १८० ला बंद पडला, तर त्याच्या साठ टक्के, म्हणजे १०८ वर कफ ठेवायचा. शेजारच्या पलंगावरच्या माणसाचा आकडा वेगळा येईल. मांडीचा घेर, रक्तदाब, कफची रुंदी, सगळ्यावर तो अवलंबून असतो. रुंद कफला कमी दाब पुरतो, अरुंद पट्ट्याला खूप जास्त लागतो. म्हणून मित्राने कुठला आकडा ठेवला हे विचारून आपला पट्टा आवळणं धोक्याचं आहे.

मग लेग प्रेसवर हलकं वजन लावलं. एकदाच कसंबसं ढकलता येईल अशा जास्तीत जास्त वजनाच्या २० ते ४० टक्के, एवढंच. पहिला सेट तीस वेळा, मग पंधरा, पंधरा, पंधरा. एकूण ७५. मध्ये तीस ते साठ सेकंद विश्रांती. पहिल्या तीसला तो माझ्याशी गप्पा मारत होता. दुसऱ्या पंधराला गप्पा थांबल्या. तिसऱ्याला कपाळावर घाम, ओठ दाबलेले. चौथ्याच्या शेवटच्या पाचाला मांडी थरथरत होती, आणि लक्षात घ्या, वजन असं होतं की त्याच्या लहान बहिणीनेही ढकललं असतं. कफ सोडला आणि पाय लाल झाला. "मॅडम, हे तर जड वजनापेक्षा बेकार आहे," तो म्हणाला. त्याला बरं वाटलं होतं, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. ऑपरेशननंतर प्रथमच मांडीने काम केल्यासारखं वाटलं होतं.

एसीएलच्या ऑपरेशननंतर मांडी किती वेगाने वाळते हे ज्याने पाहिलंय त्याला या उपायाची किंमत कळते. जपानमध्ये तकाराडा यांनी असा प्रयोग केला होता, की ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवसापासून चौदाव्या दिवसापर्यंत काही रुग्णांच्या मांडीला रोज दोनदा, थोडा थोडा वेळ नुसता कफ लावायचा. व्यायाम नाही, नुसता कफ. ज्यांना लावला नाही त्यांच्या मांडीचा पुढचा स्नायू सुमारे पाचव्या हिश्शाने बारीक झाला. ज्यांना लावला त्यांचा निम्म्याहूनही कमी. पुढे अमेरिकेत युद्धात जखमी झालेल्या सैनिकांच्या पुनर्वसनात, टेक्ससमधल्या लष्करी केंद्रात, ही पद्धत वापरली गेली. २०१९ मध्ये अनेक देशांतल्या संशोधकांनी मिळून दाब, वजन आणि सुरक्षितता यांबद्दल शिफारसी प्रसिद्ध केल्या. वर सांगितलेले आकडे त्यांच्यातलेच आहेत. धमनी पूर्ण बंद होण्याच्या दाबाच्या ४० ते ८० टक्के, त्याहून जास्त नाही. आठवड्यातून दोन-तीनदा.

आता निरोगी तरुणांसाठी काही गोष्टी. तुम्ही धडधाकट आहात, गुडघे-खांदे ठीक आहेत, जड वजन नीट उचलता येतं, तर पट्ट्यामुळे तुम्हाला जास्तीचं फारसं काही मिळत नाही. अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं, की स्नायूचा आकार दोन्हींनी जवळपास सारखा वाढतो, पण ताकद जड वजनाने जास्त वाढते. आणि हलकं वजन पट्ट्याशिवायही, अगदी हात उचलेना होईपर्यंत नेलं, तर स्नायू वाढतातच. हेही मॅकमास्टरच्या गटाने दाखवलं आहे. पट्टा त्या थकव्यापर्यंत लवकर पोचवतो, कमी फेऱ्यांत, सांध्यावर कमी भार टाकून. ज्याचा सांधा दुखतोय त्याच्यासाठी हे वरदान आहे. ज्याचा दुखत नाही त्याने जड दिवसांच्या मध्ये कधी एखादा हलका दिवस म्हणून वापरावा. त्यापेक्षा मोठी जागा मी त्याला देणार नाही. पट्टा आणि जड वजन दोन्ही एकत्र करणं तर सरळ टाळा.

दुसरी बाजू पावडरची. सगळ्या पूरक पदार्थांमध्ये स्नायूंसाठी माझा भरवसा दोनच गोष्टींवर आहे. प्रथिनं आणि क्रिएटिन. बाकीचे डबे, म्हणजे बीसीएए नावाची अमिनो आम्लं, ग्लूटामिन, टेस्टोस्टेरॉन वाढवणाऱ्या म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्या, यांच्यावर खर्च करण्याइतका पुरावा मला सापडत नाही. जेवणात पुरेशी प्रथिनं असतील तर बीसीएए वेगळी घेऊन काही साधत नाही, कारण ती प्रथिनांत असतातच.

क्रिएटिन ही कारखान्यात जन्मलेली नवलाई नाही. १८३२ साली मिशेल शेव्हरल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने मांसाच्या अर्कातून ते वेगळं काढलं. आपलं शरीर ते रोज सुमारे एक ग्रॅम स्वतः बनवतं, आणि मांस-मासे खाणाऱ्याला तेवढंच अन्नातून मिळतं. त्यातलं ९५ टक्के स्नायूंत साठतं आणि पहिल्या काही सेकंदांच्या जोरकस कामाला शक्ती पुरवतं. शाकाहारी माणसाच्या स्नायूंत साठा कमी असतो, म्हणून त्याला पूरक क्रिएटिनचा फरक बऱ्याचदा जास्त जाणवतो. रोज ३ ते ५ ग्रॅम क्रिएटिन मोनोहायड्रेट पुरतं. महागडा, रंगीत, चवीचा प्रकार घेण्याची गरज नाही. पहिल्या आठवड्यात वजन किलो-दीड किलो वाढलं तर ते स्नायूंत शिरलेलं पाणी आहे. आणि एक व्यवहारातली सूचना. क्रिएटिन घेणाऱ्याच्या रक्तात क्रिएटिनिन थोडं जास्त दिसू शकतं, आणि रिपोर्ट पाहून घरात मूत्रपिंड गेलं म्हणून रडारड होते. तपासणी करताना आपण क्रिएटिन घेतो हे डॉक्टरांना सांगा. मूत्रपिंडाचा आजार आधीपासून असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे घेऊच नका.

प्रथिनांचा हिशेब. भारतीय प्रौढाला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं हवीत असं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद (आयसीएमआर) आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था सांगते. हा निरोगी माणसाच्या रोजच्या झिजेचा हिशेब आहे. वजनांचा व्यायाम करून स्नायू वाढवायचे असतील तर २०१८ मध्ये ४९ अभ्यासांतल्या १,८६३ जणांची माहिती एकत्र करून आलेला निष्कर्ष असा आहे: दर किलोमागे सुमारे १.६ ग्रॅमपर्यंत उपयोग दिसतो, त्यापुढे जास्त घेऊन स्नायू जास्त वाढत नाहीत. उरलेलं शरीर जाळून टाकतं, आणि खर्च आपला. साठी ओलांडलेल्यांना जाणकार १ ते १.२ ग्रॅम सांगतात, व्यायाम करत असतील तर थोडं जास्त. इथेही मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांचा हिशेब वेगळा.

आता मूळ प्रश्नाकडे. पट्टा आणि पावडर एकत्र केली तर? तर्क सोपा आणि आकर्षक आहे. पट्ट्यामुळे स्नायूतली प्रथिननिर्मिती चालू होते, पावडरीतून तिला कच्चा माल मिळतो, मग दोन्हींची बेरीज व्हायला हवी. अभ्यास थोडेच आहेत. २०१९ मध्ये जर्मनीतल्या फ्रायबुर्ग विद्यापीठातल्या संशोधकांनी वयस्क पुरुषांवर हे तपासलं. एका गटाने पट्टा बांधून हलका व्यायाम केला आणि कोलाजेनची पावडर घेतली, दुसऱ्याने तोच व्यायाम करून खोटी पावडर घेतली, तिसऱ्याने व्यायाम न करता नुसती कोलाजेन पावडर घेतली. आठ आठवड्यांनी पहिल्या दोन्ही गटांच्या मांडीचा स्नायू वाढला होता, आणि दोघांत म्हणावा असा फरक नव्हता. नुसती पावडर घेतलेल्यांमध्ये काही हाती लागलं नाही. कोलाजेन हे स्नायूंसाठी फार उत्तम प्रथिन नाही, व्हे, म्हणजे दुधापासून मिळणारं प्रथिन, वापरलं असतं तर कदाचित थोडा फरक दिसला असता, हे मान्य. पण काम कोणी केलं ते स्पष्ट आहे. काम व्यायामाने केलं. जो माणूस आधीच पुरेसं खातो त्याला वरून घेतलेल्या पावडरीचा उपयोग थोडा आहे, आणि जो कमी खातो त्याला कुठल्याही मार्गाने प्रथिनं पोचवली की उपयोग होतो. त्यासाठी पट्टा असो की वजन, हिशेब तोच राहतो.

म्हणून मी प्रत्येकाला ताट विचारते. आमच्याकडे येणाऱ्या साठीच्या बायकांचा दिवस साधारण असा असतो. सकाळी चहा-बिस्किट. मग पोहे, साठ ग्रॅम पोह्यांत चार ग्रॅम प्रथिनं. दुपारी दोन पोळ्या, भाजी, पातळ वरणाची वाटी. वरणात तीस ग्रॅम तूरडाळ धरली तर सहा-साडेसहा ग्रॅम. संध्याकाळी पुन्हा चहा, रात्री मुगाच्या डाळीची सैल खिचडी. आठवड्यातून एक-दोन उपवास, आणि उपवासाला साबुदाणा, ज्यात प्रथिनं जवळजवळ नाहीतच. त्यातल्या शेंगदाण्याच्या कुटात जी काही आहेत तेवढीच. साठ किलो वजनाच्या बाईला दिवसाला साठ-सत्तर ग्रॅम हवी असतात, आणि या ताटात त्याच्या निम्मीच जमतात. आणि घरात सगळ्यांना वाढून उरलेलं खाणारी तीच असते, हे मला सांगायलाच हवं. सुनेने, लेकीने, नवऱ्याने याच्याकडे पाहावं.

हे भरून काढायला डबा लागतोच असं नाही. दोनशे मिलीलीटर दूध सहा ग्रॅमच्या वर. एक अंडं सहा ग्रॅम. मूठभर, म्हणजे तीस ग्रॅम शेंगदाणे, सात-साडेसात ग्रॅम. वरण पातळ न करता घट्ट केलं, वाटी मोठी घेतली, सकाळी पोह्यांऐवजी मटकीची उसळ किंवा बेसनाचं धिरडं केलं, दुपारी वाटीभर दही घेतलं, की ताट बदलतं. सोयाबीनच्या वड्यांत निम्मं वजन प्रथिनांचं असतं, आणि त्या आमच्याकडे अजून परकं अन्न समजल्या जातात, याचं मला वाईट वाटतं. मासे-मटण खाणाऱ्या घरातही आजीच्या ताटात रस्सा जास्त आणि तुकडा कमी पडतो. शिवाय प्रथिनं तिन्ही जेवणांत विभागून घ्यावीत, कारण वयस्क स्नायूला एका वेळी जरा मोठा घास मिळाला तरच तो जागा होतो. भूक मंदावली असेल, दात नसतील, नुकतं ऑपरेशन झालं असेल, तेव्हा व्हेचा एक स्कूप दुधातून द्यायला माझी काहीच हरकत नाही. त्यात साधारण २४ ग्रॅम प्रथिनं असतात. डबा असाच वापरावा.

पण डब्यात काय आहे हे बघूनच. २०२४ मध्ये केरळमधले डॉ. सिरियॅक अॅबी फिलिप्स आणि सहकाऱ्यांनी भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रथिन-पावडरी तपासल्या. २५ डब्यांवर छापलेला प्रथिनांचा आकडा खरा निघाला नाही. काही नमुन्यांत अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष सापडलं, काहींत कीटकनाशकांचे अंश. त्याच वर्षी राष्ट्रीय पोषण संस्थेच्या आहार-मार्गदर्शनात शरीर कमावण्यासाठी प्रथिन-पावडरी टाळा, असा सल्ला आला. जिममध्ये इंजेक्शन घेणाऱ्यांबद्दल मी एकच वाक्य बोलते: मेफेन्टर्मिन हे शस्त्रक्रियेच्या वेळी रक्तदाब सावरण्याचं औषध आहे, ते व्यायामासाठी टोचणारा स्वतःच्या हृदयाशी खेळतो आहे, आणि ते विकणारा गुन्हेगार आहे.

पट्ट्याचे धोकेही तेवढ्याच स्पष्टपणे सांगते. २००६ मध्ये जपानमधल्या कात्सु केंद्रांची पाहणी प्रसिद्ध झाली. बारा हजारांहून अधिक लोकांत रक्ताची गाठ होण्याचं प्रमाण ०.०५५ टक्के होतं, फुप्फुसात गाठ जाण्याचं आणि स्नायू विरघळण्याचं प्रत्येकी ०.००८ टक्के. त्वचेखाली रक्त साकळणं मात्र १३ टक्के लोकांत झालं. आकडे लहान आहेत, पण ते प्रशिक्षित लोकांच्या देखरेखीखालचे आहेत. घरी बांधलेल्या इलॅस्टिकचे नाहीत. पाय बधिर झाला, बोटं पांढरी किंवा निळी पडली, मुंग्यांऐवजी ठणका लागला, तर तत्क्षणी पट्टा सोडा. व्यायामानंतर लघवी चहाच्या रंगाची झाली तर त्याच दिवशी रुग्णालयात जा. पूर्वी शिरेत गाठ झालेली, नसा फुगलेल्या, रक्तदाब आटोक्यात नसलेला, गरोदर बाई, स्तनाच्या कर्करोगासाठी काखेतल्या गाठी काढलेला हात, मधुमेहाने पायाची संवेदना गेलेली, अशांनी पट्टा बांधू नये. पट्ट्याने रक्तदाब आधीच चढतो. त्यावर व्यायामाआधी भरपूर कॅफिनची पावडर पिणं मी स्वतःच्या रुग्णांना मना करते.

यात एक गोष्ट विशेष आपल्या राज्याची आहे. विदर्भात, गडचिरोलीत, नंदुरबारमध्ये सिकलसेलचा आजार मोठ्या प्रमाणात आहे. प्राणवायू कमी पडला की त्यातल्या लाल पेशी कोयत्यासारख्या वाकतात आणि नळीत अडकतात. आणि पट्टा नेमका प्राणवायूच कमी करतो. परदेशी पुस्तकांत हे एका ओळीत येतं, पण नागपूरच्या, चंद्रपूरच्या जिममध्ये ती ओळ दारावर लावायला हवी. केंद्र सरकारने २०२३ मध्ये सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली, तिच्यात तपासणी होते. तिकडच्या मुलांनी पट्टा हातात घेण्याआधी ती करून घ्यावी.

व्यायामशाळेच्या विश्वस्तांना माझी हात जोडून विनंती आहे. दारात रक्तदाब मोजायचं यंत्र ठेवा. सकाळची एक वेळ साठी ओलांडलेल्यांसाठी राखा, आणि तिथे महिन्यातून काही वेळा फिजिओथेरपिस्टला बोलवा. तिथे कफ, डॉपलर आणि हलकी वजनं असतील, तर गुडघा झिजल्यामुळे बैठक मारता न येणाऱ्या कितीतरी माणसांच्या मांड्या पुन्हा उभ्या राहतील. आणि इथे बसलेल्या मुलांनो, आज घरी गेल्यावर आजी-आजोबांना हात न टेकता खुर्चीतून पाच वेळा उठून बसायला सांगा, तुम्ही शेजारी उभे राहा आणि घड्याळ लावा. आशियाई देशांतल्या तज्ज्ञांच्या २०१९ च्या निकषांप्रमाणे याला १२ सेकंद किंवा त्याहून जास्त लागले, तर त्यांच्या पायांची ताकद कमी झाली आहे. मग डबा विकत घेण्याआधी त्यांना फिजिओथेरपिस्टकडे घेऊन या.